हातचाकाचे बारा फेरे

मित्रांनो, बागेच्या फाटकातून आत शिरलात की उजव्या हाताला सिमेंटच्या ओट्यावर हिरव्या रंगाचे एक अवजड धूड दिसते ना, ते म्हणजे मी, एक जुना रणगाडा. तुमच्यापैकी काही जण माझ्या पाठीवर बसून बिस्किटे खातात आणि रिकामे पुडे माझ्या पट्ट्यांत कोंबतात. त्याबद्दल माझी तक्रार आहे, पण आज ती बाजूला ठेवतो. आज मला माझ्या चालकाविषयी सांगायचे आहे. तो माझ्यातच गेला. कसा गेला, हे फक्त एका माणसाला आणि मला ठाऊक होते. चालकाच्या बहिणीला मात्र ते अकरा वर्षे कोणीच सांगितले नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पोलादाचे जाड पत्रे कापून, वाकवून, जोडून कामगारांनी मला उभे केले. एका बाईंनी खडूने माझ्या अंगावर आकडे लिहिले आणि प्रत्येक सांध्यावर हातोडी वाजवून कान लावला. तेव्हा मला फार गुदगुल्या झाल्या. माझे वजन चाळीस टन भरले. डिझेल तर मी असा प्यायचो की मला पोसणे म्हणजे दारात हत्ती बांधणेच होते. तरी सगळे माझे कौतुक करत, आणि कौतुक कोणाला नको असते?

पण माझ्यात एक खोट होती, आणि ती मला घडवणाऱ्यांनीच ठेवली होती. चालकाची जागा पुढे, अगदी खाली. त्याच्या डोक्यावर एक गोल झाकण, तेच त्याचे दार. माझी तोफ सरळ पुढे रोखलेली असली की तिची नळी नेमकी त्या झाकणावर यायची. मग झाकण दोन बोटेच उघडायचे आणि नळीवर आपटायचे. नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरसाहेबांच्या हे ध्यानात आले नसेल. कागदावरच्या रणगाड्यातून कोणाला घाईने बाहेर यायचे नसते.

माझ्या पोटात तीन माणसे असत. सर्वांत वर कमांडर. तो प्रत्येक सूचना दोनदा वदवून घ्यायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्या पायाशी गोलंदाज. चेंडू टाकणारा नव्हे बरे का, तोफ डागणारा. आणि पुढे खाली एकटाच, जवळजवळ आडवा पडलेला चालक. त्याची उंची बेताची होती, म्हणून त्याला बुटका म्हणायचे. तो रागवायचा नाही. उंच माणसांची डोकी रणगाड्यात फुटतात, आपले शाबूत आहे, असे उलट सुनवायचा.

बुटक्याला आई-वडील नव्हते, एक धाकटी बहीण होती. तिला त्यानेच वाढवले होते. ती शिवणकाम शिकत होती. तिने पत्रातून त्याच्या शर्टाचे माप मागितले, तर या शहाण्याने रणगाडा मोजायच्या फितीने स्वतःला मोजले आणि इंचांऐवजी उलट्या बाजूचे सेंटिमीटरचे आकडे कळवले. शर्ट आला तो असा ऐसपैस, की बुटका आणि गोलंदाज दोघेही एकदमच त्यात शिरले. एका शर्टातून बाहेर आलेल्या दोन मुंड्यांचा फोटो मास्तरांनी काढला. तो बहिणीला पाठवून बुटक्याने लिहिले की कापड वाया गेलेले नाही. त्या दिवसांत मी फार सुखी होतो.

त्या तिघांचा एक रिवाज होता. कुठेही थांबलो आणि इंजिन बंद झाले की वीज जायची, मग तोफ हातानेच फिरवावी लागे. गोलंदाजाच्या पुढ्यात त्यासाठी एक हातचाक होते. प्रवासात तोफ नेहमी सरळ पुढे असे. तेव्हा गोलंदाज हातचाकाला डावीकडे बारा फेरे द्यायचा. बारा फेरे झाले की नळी झाकणावरून बाजूला व्हायची. मग तो टाचेने तळावर तीनदा ठोकायचा. याचा अर्थ, दार मोकळे. बुटका खालून एकदा ठोकायचा, म्हणजे कळले. त्यानंतर सगळे बाहेर पडत. दिवसातून पाच-सहा वेळा हेच. पुढेपुढे गोलंदाज फेरे मोजेनासा झाला. मान मागे टाकून, गप्पा मारत फिरवायचा आणि बरोबर बाराव्या फेऱ्याला थांबायचा. मास्तर त्याची पाठ थोपटायचे. हाताला वळण पडावे ते असे, म्हणायचे.

मग युद्ध आले. युद्धाविषयी मी तुम्हाला फार सांगणार नाही. जिंकल्या-हरल्याच्या गोष्टी तुमच्या पुस्तकात आहेत. मी धूर आणि घाण पाहिली, आणि माझ्यासारखीच पोलादाची धुडे शेतांत जळून पडलेली पाहिली.

त्या दिवशी दुपारी आम्ही एका कोरड्या ओढ्याच्या काठाने चाललो होतो. उजवीकडच्या पडक्या भिंतीआडून कोणीतरी गोळा डागला. तो हुकला. मास्तरांनी तोफ उजवीकडे फिरवायला सांगितली, गोलंदाजाने ती फिरवली. तो नेम धरत होता तोच दुसरा गोळा माझ्या कुशीत घुसला. इंजिन बंद पडले. वीज गेली. आत काळाकुट्ट धूर भरला. चालकाच्या जागेवरून मागे बुरजात, मास्तर आणि गोलंदाजाच्या जागेकडे, यायला एक चिंचोळी वाट असते, पण आग नेमकी तिथेच लागली होती. मास्तरांच्या खांद्यात तुकडा घुसला होता. ते "बाहेर!" म्हणून ओरडले आणि वरच्या झाकणातून कसेबसे पडले.

मित्रांनो, आता नीट ऐका. तोफ उजवीकडे, नेमकी बारा फेऱ्यांइतकीच वळलेली होती. म्हणजे बुटक्याचे झाकण मोकळेच होते; सवयीने तो क्षणभर ठोक्यांसाठी थांबला होता, एवढेच. गोलंदाजाने काहीच केले नसते, नुसता उडी मारून पळाला असता, तर बुटका वाचला असता.

पण तो आपल्या सोबत्याला टाकून पळणारा नव्हता. डोळ्यांपुढे धूर, कानात आवाज, आणि अशा वेळी माणसाचे डोके चालत नाही, हात चालतो. त्याच्या हाताने हातचाक धरले आणि डावीकडे फेरे दिले. नेहमीसारखे, न मोजता, बरोबर बारा. माझी तोफ उजवीकडून सरकत आली आणि झाकणावर येऊन थांबली. गोलंदाजाने टाचेने तीनदा ठोकले. खालून बुटक्याने एकदा ठोकले. मग गोलंदाज वर चढला आणि बाहेर उडी मारून वळला, तेव्हा त्याला दिसले.

तो परत माझ्यावर चढला, पण हातचाकापर्यंत आता आग पोचली होती. तापलेली नळी त्याने दोन्ही हातांनी ढकलली. चाळीस टनांचे माझे धूड, माझी नळी का माणसाच्या हातांनी सरकते? मागून आलेल्या शिपायांनी त्याला ओढून नेले, तेव्हा त्याच्या तळव्यांची कातडी माझ्या पोलादावर राहिली होती. मला हातभर सरकता आले असते तर मी माझ्या दातेरी चाकांचे सगळे दात पाडून घेतले असते. पण मी जिथे थांबवले जाईल तिथेच थांबतो. मी तसाच घडवलेला आहे.

चौकशी झाली, पण मास्तर तोवर त्या जखमेनेच गेले होते. कागदावर लिहिले गेले की तोफ शत्रूवर रोखलेली असतानाच वीज गेली आणि दुर्दैवाने ती झाकणावर राहिली. गोलंदाज तेव्हा इस्पितळात होता. त्याला विचारले, त्याने होकाराची मान हलवली. बहिणीला पत्र गेले की तुमच्या भावाला क्षणात मरण आले, काही त्रास झाला नाही.

मला ओढत परत आणले, धुतले, आतून रिकामे केले आणि झाकणांना वेल्डिंग करून ती कायमची बंद केली. वर हिरवा रंग चढवला. बागेत मला बसवले त्या दिवशी बँड होता, फीत होती, आणि एका पाहुण्यांचे लांबलचक भाषण होते. त्यांनी मला अजिंक्य म्हटले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढे नव्याची नवलाई संपली. रंगाचे पोपडे निघाले, माळीबुवा माझ्या पट्ट्यांवर ओल्या गोणपाटांचे वाळवण घालू लागले. कोणी विचारीनासे झाले त्याचे मला वाईट वाटले नाही. खोट्या कौतुकापेक्षा ओले गोणपाट बरे.

दर रविवारी दुपारी मात्र एक बाई यायची. गळ्यात मोजमापाची फीत तशीच राहिलेली, हाताशी एक डबा. चालकाचे झाकण ती स्वतःच्या फडक्याने पुसायची आणि माझ्या सावलीत बसून टाके घालायची. ती बुटक्याची बहीण, हे मला तिच्या हनुवटीवरूनच कळले.

गोलंदाजही यायचा. तो आता वजनकाटे दुरुस्त करायचा. ती असली की तो फाटकातूनच मागे फिरायचा. एकदा ती झाडाआड होती, त्याला दिसली नाही. तिने त्याला ओळखले. त्या फोटोतली दुसरी मुंडी ती कशी विसरेल?

त्यानंतर ती त्याला भाऊ म्हणू लागली. रविवारी डब्यात दोघांपुरते असे. तो समोर बसायचा, ती त्याच्या तळव्यांवरचे व्रण पाहायची आणि तिचे डोळे भरून यायचे. एकदा ती म्हणाली, माझ्या भावासाठी तुम्ही हात जाळून घेतलेत, आता मला दुसरे कोण आहे? गोलंदाजाने हातातला घास परत ठेवला. त्याला दर रविवारी सांगायचे असे आणि दर रविवारी तो हवेबद्दल बोलून उठे. मी त्याच्यावर चिडायचो. मग वाटायचे, जगात त्याला माया लावणारे हे एकच माणूस, तेही कसे गमवावे त्याने? एक वर्ष असेच गेले.

एका रविवारी ती लगबगीने आली. हातात कचेरीचा कागद होता. माझ्या ओट्यावर बुटक्याच्या नावाची पाटी आहे. तिच्याखाली गोलंदाजाच्याही नावाची पाटी लावावी, म्हणून ती कित्येक महिने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होती. अखेर मंजुरी मिळाली होती. जळत्या रणगाड्यातून सोबत्याला सोडवण्यासाठी ज्याने स्वतःचे हात होरपळून घेतले, असा मजकूर होता. गोलंदाजाने तो दोनदा वाचला.

"ताई, हे लावू नका," तो म्हणाला.

"का? त्यात खोटं काय आहे?"

"हात भाजले ते खरं आहे. पण ते दार आधी मीच बंद केलं."

मग त्याने सगळे सांगितले. उजवीकडची भिंत, धूर, बारा फेरे, तीन ठोके, खालचा एक ठोका. काही लपवले नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. ती टाका अर्धवट ठेवून ऐकत होती.  शेवटी तिने विचारले, "तो तुमच्यावर चिडला असेल का हो?"

"मला नाही माहीत, ताई. मी तेव्हा बाहेर होतो."

मला माहीत होते. मित्रांनो, मला एकट्यालाच माहीत होते. बुटक्याने झाकण ढकलले, ते नळीवर आपटले. त्याने पुन्हा ढकलले. मग तो रोजच्याच आवाजात, सोबत्याची छोटीशी चूक दाखवावी तसे म्हणाला, "अरे, मोकळं नाहीये." त्याला वाटले, वर गोलंदाज आहे, तो ऐकेल आणि आणखी दोन फेरे देईल. त्याच्या आवाजात राग नव्हता. एवढे एक वाक्य त्या दोघांना सांगता यावे म्हणून मी आजवर कितीदा तळमळलो, पण पोलादाला तोंड नसते.

तिने डबा बंद केला, कागदाची घडी घातली आणि ती निघून गेली. पाच रविवार ती आली नाही. गोलंदाज मात्र यायचा, तिच्या जागेपासून चार हात दूर बसायचा. झाकणावर धूळ साचली, पण ती पुसायचा त्याला धीर झाला नाही.

सहाव्या रविवारी ती आली. वाळल्यासारखी दिसत होती. तिने झाकण पुसले आणि आपल्या जागी बसली. मग बोलली.

"माफ केलं असं मला म्हणता येत नाही, भाऊ. तोंडातून निघतच नाही ते. पण तुम्ही येत जा. तो कसा हसायचा हे आता आठवायला तुम्ही आणि मी, दोघंच उरलोय."

गोलंदाज ओंजळीत तोंड लपवून रडला. तिने त्याला रडू दिले. दुसरी पाटी लागली नाही, पण दोघेही अजून रविवारी येतात. कधी बुटक्याची एखादी गंमत निघते, मग दोघे हसता हसता झाकणाकडे पाहतात.

मित्रांनो, मला नव्या रंगाची हौस नाही. माझे कौतुकही करू नका. उद्या तुमच्यापैकी कोणी कारखान्यात नकाशे काढील, कोणी मोठ्या कचेरीत माझ्यासारख्या यंत्रांच्या कागदांवर सही करील. तेव्हा पोलाद किती जाड, तोफ किती लांबवर मारते, हे सगळेच विचारतील. तुम्ही आधी एवढे विचारा, की आत बसवलेला माणूस बाहेर कसा येणार आहे. त्याचे नीट उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका.