कुंदनच्या नावाच्या सांजोऱ्या

हे बघ, तू आता फक्त ऐक. मधे काही विचारू नकोस, नाहीतर मला पुढचं सांगवणार नाही.

भडगावची आमची सुलक्षणा वहिनी आहे ना, तिचा नवरा कुंदन मागच्या पावसाळ्यात गेला. म्हणजे गिरणा नदीला पूर होता, पुलावर नुसती त्याची गाडी अन् चपला सापडल्या. बॉडी नाहीच मिळाली. त्यामुळे सासू, पुष्पाबाई, मानायलाच तयार नाही. रोज त्याचं ताट वाढून ठेवायची आणि स्वतः घास चिवडत बसायची. नुसती हाडं राहिली अंगावर.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. वर्षभरात गेलेल्याच्या नावाने घागर भरायची, वर सांजोरी अन् आंबा ठेवायचा. सासरे अभिमनआबा म्हणाले, यंदा भरायचीच, पोराला किती दिवस अधांतरी ठेवायचं. पुष्पाबाई उठून आत गेली. आखाजीच्या सकाळी मात्र आपणहून उठली, तुपात रवा भाजला, गुळाचा सांजा केला.

आता त्यांच्या घरची एक रीत, पुष्पाबाईच्या सासूपासूनची. एरवी सांजोरीच्या कडेला बारीक मुरड घालतात, खाणारा पुन्हा घरी यावा म्हणून. घागरीवरच्या सांजोरीला मात्र मुरड नाही, कड नुसती दाबायची. गेलेल्याने मागे वळू नये. तर पुष्पाबाईची बोटं ऐकेचनात. दाबायला जायची आणि मुरड पडायची. शेवटी पोळपाट सुनेकडे सरकवला.

"तू कर, माय. मना हात चालत नई."

आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

वहिनी एकटी गॅसपुढे. तेल तापलेलं, गल्लीत माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणतायत, आणि अनोळखी नंबरवरून फोन. उचलला, तर कुंदन.

सुरतेहून. बोलायला लागला तो थांबेचना. तिथे दुसरं घर केलंय, मुलगी झालीये, चपला पुलावर त्यानेच ठेवल्या होत्या. घागरीचं अन् आईच्या हालाचं त्याला त्याच्या मित्राने, लीलाधरने सांगितलं. वहिनीला वाटलं, थांबवायला फोन केलाय.

तर म्हणतो, "भरून टाका. मी काही परत येत नाही. फक्त आईला कळू देऊ नको."

वहिनीने दाराकडे पाहिलं. बाहेर नुसती हाक मारली की म्हातारीला पोरगा जिवंत मिळतो. पण कसला? आई झुरतेय हे माहीत असून गप्प बसलेला. आणि नाही मारली, तर जिवंत माणसाची घागर भरायची, अन् हिने जन्मभर त्याची विधवा म्हणून राहायचं.

तेल धुरावलं. पुष्पाबाईने बाहेरून विचारलं, झाल्या का गं.

वहिनीने फोन बंद केला. गॅस बारीक केला. पुढच्या सांजोरीची कड दाबली आणि तेलात सोडली. मग सगळ्याच तळल्या, एकीलाही मुरड नाही.

आबांनी घागर भरली. पुष्पाबाई खूप रडली, आणि मग दुपारी पोटभर जेवली. आमरस मागून घेतला. हात धुताना सुनेला म्हणाली, "सुटना मना पोऱ्या. मी बी सुटनू." म्हणजे पोरगा सुटला, तीही सुटली.

वहिनी हो म्हणाली आणि कढई घेऊन मोरीत गेली. बराच वेळ घासत बसली.

हे तिने फक्त मला सांगितलंय. अजून घरात कुणालाच माहीत नाही. आता तू सांग, तिच्या जागी तू असतीस, तर मारली असतीस हाक?