डबीतला श्वास

“रोज एकच गोष्ट उतरवजो, शारदा. डबीत ठेवजो, तिथूनच आयकजो, मंग वरची, इंटरनेटवरची, पुसून टाकजो. तिथली केराची टोपलीही रिकामी करजो, जागा कमी हाय. अन् ओवी मोठी झाली का तिले सगळ्या आयकवजो. म्हन, हो.”

ऑपरेशनला जाण्याआधी नवऱ्यानं असं बजावलं, तेव्हा शारदाबाई हो म्हणाल्या होत्या.

आज वरवट बकालमधल्या त्यांच्या घराची ओसरी माणसांनी भरली होती. टेबलावर कम्प्युटर, त्याला वायरीनं जोडलेली हार्डडिस्कची काळी डबी, डबीवर चिमूटभर भस्म, आणि समोर पाटावर उजेडबाबा. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले. डबीवरचा बारीक निळा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला.

“हात लावला का कोनी?” बाबांनी विचारलं. कोणीच लावला नव्हता. “मंग हा श्वास कोनाचा? नीळकंठरावाचा.”

बायांनी पदर डोळ्यांना लावले. बाबांना घेऊन आलेले शेजारचे उकंडराव जो विचारील त्याला सांगत होते, की बाबांनी बंद पडलेला बोअर नुसत्या फुंकरीनं चालू केला, मोबाइलची बॅटरीसुद्धा मंत्रानं भरतात. बाबांच्या झोळीतून चार्जरची वायर लोंबत होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

नीळकंठराव तहसीलमध्ये कारकून होते. गळ्याचं ऑपरेशन ठरलं, आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दोन वर्षांच्या नातीसाठी त्यांनी मोबाइलवर बोलून ठेवलं. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे एकशे चौऱ्याहत्तर तुकडे. विहिरीत पडलेली बादली कशी काढायची, शेगावच्या स्टेशनवर चप्पल कशी हरवली, ओवीचा बाप लहानपणी कशाला भ्यायचा. ते सारं इंटरनेटवरच्या साठ्यात जाऊन बसलं. ऑपरेशननंतर माणूसही फार टिकला नाही.

तेव्हापासून शारदाबाईंचा नेम होता. आंघोळ, देवापुढे दिवा, तुळशीला पाणी, मग यांचा एक तुकडा. चहा त्यानंतर.

नेम एकदाच मोडला. ताप चढला, दिवा लागला नाही. नेमकं त्याच दिवशी कम्प्युटरच्या पडद्यावर अपडेटचं चक्र फिरत होतं. दुसऱ्या दिवशी तुकडा उतरला, ‘पूर्ण झालं’ असंही दिसलं. पण डबी उघडली तर आत जुने एकशे त्रेसष्ट, नवा नाही. शारदाबाईंच्या मनानं घेतलं, की दिवा चुकला म्हणून हे रुसले. परगावी राहणाऱ्या पोराला फोन करावा तर लाज वाटे. नेम मोडला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ‘पूर्ण झालं’ म्हणतंय म्हणजे आत असेलच, आपल्यालाच दिसत नसेल, असं म्हणून त्या रोज उतरवत राहिल्या आणि न ऐकताच वरचं पुसत राहिल्या. सांगणाऱ्यानं तसंच सांगितलं होतं. ‘पाहून मंग पुस’ असं त्यात नव्हतं. अकरा दिवसांनी वर काहीच उरलं नाही, तेव्हा कुठे उकंडरावांना कळलं, आणि ते बाबांना घेऊन आले.

“तुमी त्याले रोज तुकड्यातुकड्यानं खाली वढता, माय,” बाबा म्हणाले. “जीव अडकला त्याचा डबीत. म्हनून बोलत नाही. मोकळा करा.”

“मोकळा केला तं त्यायले बरं वाटन?” शारदाबाईंनी एवढंच विचारलं.

“गुदमरून राह्यला तो. तुमीच पाहा.”

दिवा लुकलुकला.

त्याच दुपारी लाल कापडात बांधलेली डबी नारळासोबत पूर्णेच्या पुलावरून पाण्यात गेली. शारदाबाईंनी ती स्वतःच्या हातानं सोडली. बाबांना चार गावांची बोलावणी आली.

आता कम्प्युटर ठेवून काय करायचं? त्यांनी तो भाचीला देऊन टाकायचं ठरवलं. योगिनी संग्रामपूरच्या शाळेत कम्प्युटर शिकवते. सोमवारी ती न्यायला आली, तर मावशीनं भाजी निवडता निवडता सगळं सांगितलं. ओसरीवर उकंडराव होतेच. ते मधेमधे बाबांची महती जोडत होते.

योगिनीनं पिशवीतून स्वतःची डबी काढली, कम्प्युटरला जोडली आणि हात मागे बांधून उभी राहिली. निळा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला. उकंडरावांनी हात जोडले.

“काका, याच्यात सातवीचे मार्क हाईत,” योगिनी म्हणाली. “आता कोन्या पोराचा जीव अडकला म्हनता?”

उकंडरावांचे हात तसेच राहिले.

मग तिनं समजावून सांगितलं. कम्प्युटर जोडलेली डबी आपणहून चाळतो, फायलींची यादी करतो, आणि अपडेटनंतर तर जास्तच. वाचत असला की दिवा लुकलुकतो. समोर मंत्र म्हणा, नाहीतर पालक निवडा. आणि प्रत्येक डबीला तो एक अक्षर देतो, घराला नंबर देतात तसं. मावशीच्या डबीचं अक्षर होतं ई. अपडेटनं ते बदलून एफ केलं. फायली उतरवणाऱ्या ब्राउझरला मात्र जुनाच पत्ता माहीत. ई सापडेना, म्हणून आलेला तुकडा तो कम्प्युटरच्याच आतल्या डाउनलोडच्या खणात टाकून देत होता.

तिनं तो खण उघडला. अकरा फायली ओळीनं बसल्या होत्या.

पहिली लावली. आधी खोकला. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, “शारदा, पंखा बंद कर वं. ओवीले माहा आवाज आयकू नाही येनार.”

शारदाबाई उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

अकराच्या अकरा ऐकून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “बाकीच्या, योगिनी?”

“त्या डबीतच होत्या, मावशी.”

उकंडरावांनी जाळी टाकणाऱ्या भोयांना घेऊन दोन दिवस नदी धुंडाळली. नारळ सापडला. उजेडबाबांनी निरोप पाठवला, की बाईंची श्रद्धा कमी पडली.

एकादशीला भजनाला जमलेल्या बाया-माणसांना शारदाबाई टाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “देव म्या सोडला नाही. दिवा आजही लावला. पन दिवा चुकला म्हनून डबी रुसत नसते, हे मले समजलं नाही, अन् म्या कोनाले विचारलंही नाही. यंत्र अडलं का यंत्र जाननाऱ्याले विचारा. लाजू नका. अन् जे पान्यातून परत आनता येत नाही, ते कोनाच्या सांगन्यावरून सोडू नका. बाबाच्या नाही, माह्याही नाही.”

सगळ्यात मागे बसलेल्या उकंडरावांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, दिवा लागला, तुळशीला पाणी घातलं. योगिनीनं अकरा फायली दोन ठिकाणी ठेवून दिल्या होत्या आणि मोबाइलवर आवाज कसा भरायचा तेही दाखवून गेली होती. उरलेल्या एकशे त्रेसष्ट शारदाबाईंनी एकेकदाच ऐकल्या होत्या. रोज एक.

त्यांनी पंखा बंद केला. मोबाइलवरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

“ओवी,” त्या म्हणाल्या, “तुह्या आबानं तुह्यासाठी सांगून ठेवलं होतं. विहिरीत बादली पडली, का आधी घाई नाही करायची...”