फाटक बंद असते तो दिवस

मी एक जुनी वाट आहे. माझा खालचा भाग खडूच्या उघड्या टेकडीवरून चढतो आणि वरचा भाग जंगलातून जातो. फळ्यावर लिहायचा खडू आठवा. तसल्याच पांढऱ्या, ठिसूळ दगडाची ही अख्खी टेकडी आहे. कितीही पाऊस पडला तरी खडू पाणी पिऊन टाकतो. टेकडीच्या माथ्यावर, जिथे जंगल आहे, तिथे मात्र चिकणमातीचा थर आहे, आणि ती माती पाणी धरून ठेवते. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. माझ्यावर जे संकट आले ते या मातीमुळेच आले.

मला कुणी ठरवून बांधले नाही. मेंढ्या वरच्या गवताकडे जात, त्यांच्या खुरांनी मी उमटले. मागून मेंढपाळ आले, मग लाकूडतोडे. ते हेझलच्या झाडांच्या काठ्या तोडत आणि कुंपणांसाठी गाडीत भरून खाली नेत. जंगलाच्या मध्यावर एक सखल जागा आहे. तिथे गाडीची चाके रुतत. तेव्हा गाडीवाल्यांनी शेतांतून गारगोट्या वेचून आणल्या आणि त्या जागी एकाला एक भिडवून ठोकून बसवल्या. त्यानंतर माझ्यात कुणाचे चाक अडकले नाही.

पुढे टेकडीला वळसा घालून डांबरी रस्ता आला. हेझलच्या काठ्यांना गिऱ्हाईक उरले नाही. माझ्यावर ओक आणि बीच या झाडांची पाने पडत राहिली, कुजत राहिली. काटेरी झुडपे दोन्हीकडून सरकली आणि मध्ये भेटली. सखल जागेतल्या गारगोट्या मातीखाली गेल्या, आणि ज्यांनी त्या बसवल्या होत्या त्यांची नातवंडेही त्या विसरली. माझ्यावरून बिळात राहणारे बिज्जू आणि हरणे तेवढी जात. वाटेला पायांची सवय असते. पाय येईनासे झाले की ती हळूहळू जमीन होऊन जाते. मी तशी होत चालले होते.

एका शरद ऋतूत झाडे छाटायची कात्री घेऊन एक बाई काट्यांतून वाट काढत वर आली. तिचे नाव ग्वेंडा टपन. ती गावातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिच्यामागे जाड टायरची सायकल ढकलत बार्नबी विकेन्स येत होता. तो नळदुरुस्तीचे काम करी आणि दिवसभर बडबड करी.

"ग्वेंडा, ही वाट नाही. हा गैरसमज आहे," तो म्हणाला.

"तू ढकल रे. वर गेल्यावर बोल."

वर गेल्यावर मात्र तो काही बोलला नाही. जंगलाच्या पलीकडे, माथ्यावरच्या गवतावर बाहेर पडले की माझ्यासमोर एकदम सगळी टेकडी उघडी होते आणि लांब खाली समुद्राची रेघ दिसते. बार्नबी गप्प झाल्याचे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

जंगल अॅकहर्स्टबाईंच्या मालकीचे होते. त्या एकट्या राहत आणि पिकल नावाच्या आखूड पायांच्या कुत्र्याला घेऊन रोज माझ्यावरून फिरत. ग्वेंडाने त्यांना परवानगी विचारली. त्यांनी दिली, पण एक अट घातली. या देशात खासगी वाट लोकांनी वर्षानुवर्षे विनाअडथळा वापरली, तर ती कायद्याने कायमची गावाची होऊ शकते. म्हणून मालक वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप लावतात. वाट आपली आहे आणि लोक आपल्या परवानगीने येतात, एवढेच त्यातून सांगायचे असते. अॅकहर्स्टबाईही फेब्रुवारीत एक दिवस जंगलाच्या फाटकाला कुलूप घालणार होत्या, आणि त्या दिवशी कुणी माझ्यावरून जायचे नाही, हीच ती अट.

मग माझे चांगले दिवस आले. सुट्टीच्या दिवशी सायकलींची रांग लागे. मुळांवरून उड्या मारत, बीचच्या खोडांमधून वळणे घेत लोक खाली येत आणि तळाशी थांबून, हेल्मेट काढून, थर्मासमधला चहा पीत माझी स्तुती करत. मलाही बरे वाटे. मी पुन्हा वाट झाले होते.

पण सखल जागी पाणी साचू लागले. चिखलाचे ते तळे खोल दिसे. पहिला सायकलवाला त्याच्या डावीकडून गेला. तिथे चिखल झाला, तेव्हा पुढचा आणखी डावीकडून गेला. चालणारे उजवीकडून गेले. मी रुंद होत गेले. त्या जंगलात दर वसंतात ब्लूबेलची निळी फुले येतात, इतकी की जमीन दिसत नाही. ती पुन्हा पुन्हा तुडवली गेली, तर पुन्हा उगवायला वर्षे लागतात. दर वसंतात माझ्या दोन्ही काठांवरचा निळा रंग मागे सरकू लागला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते, की माझ्या पोटात दगड आहेत, मधून जा.

एका वर्षी कुलपाचा दिवस होऊन गेला. दुसऱ्या सकाळी ग्वेंडा आणि बार्नबी आले, तर कुलूप तसेच होते.

"बाई काढायला विसरल्या वाटतं," बार्नबी म्हणाला. "वय झालं आता."

"वय झालंय. विसरले नाही." अॅकहर्स्टबाई झाडामागून पुढे आल्या. पिकल त्यांच्या पायाशी होता. "सायकली ठेवा तिथेच. चालत चला माझ्याबरोबर."

त्यांनी कुंपणाच्या फटीतून दोघांना आत घेतले आणि सखल जागी आल्यावर त्या थांबल्या.

"बार्नबी, हात पसर. ग्वेंडा, तू त्याच्या शेजारी. तूही पसर."

दोघांनी हात पसरले. तरी चिखल दोन्ही बाजूंना उरला.

"माझ्या वडिलांच्या वेळी इथून एक गाडी जायची," बाई म्हणाल्या. "आणि फुलं चाकांना घासायची. आता हे बघा. हे कुलूप कायमचं राहणार आहे."

ग्वेंडाचा चेहरा उतरला. बार्नबी मात्र दुखावला गेला. "बाई, आम्ही काळजी घेतो म्हणून तर बाजूने जातो! मधून गेलो तर खड्डा आणखी खोल होईल ना?"

"काळजी? पाय उचल. तुझ्या काळजीखाली काय आहे ते बघ."

त्याने बूट उचलला. खाली चिखलात दाबलेले ब्लूबेलचे हिरवे कोंब होते. बार्नबी एका पायावर उभा राहून दुसरा ठेवायला जागा शोधू लागला.

"आम्हाला एक संधी द्या ना, बाई," ग्वेंडा म्हणाली.

"तुम्हाला भरपूर दिल्या. आता जंगलाला द्यायचीय."

मीही मनातून आशा सोडली. वाट एकदा बंद झाली की तिचे काय होते, ते मला ठाऊक होते.

तेवढ्यात पिकलला पलीकडे खार दिसली. तो सरळ तळ्यात शिरला.

"गेला!" बार्नबी ओरडला. "आता याला काढायला दोर आणा!"

पण पिकल बुडाला नाही. तळ्याच्या बरोबर मध्ये उभा राहून तो खारीवर भुंकत होता. ग्वेंडा त्याच्याकडे टक लावून बघू लागली. तिने पुष्कळ कुत्रे उचलले होते, धुतले होते.

"बाई, याचे पाय वीतभरसुद्धा नाहीत," ती सावकाश म्हणाली. "आणि पोट कोरडं आहे."

ती बुटांसकट आत गेली. पाणी घोट्याला लागले आणि थांबले. तिने पडलेली एक काठी उचलून तळाशी आपटली. टक्क असा आवाज आला. तो आवाज माझाच होता. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तो ऐकला.

"खाली दगड आहेत! बसवलेले आहेत!"

बार्नबीने डोक्याला हात लावला. "म्हणजे इतकी वर्षं आपण घोटाभर पाण्याला घाबरून जंगल तुडवत होतो?"

"'आपण' म्हणू नकोस हं. मी सायकलवर बसत नाही," अॅकहर्स्टबाई ठसक्यात म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिले. त्यांना तळ्याच्या उजवीकडचा लाल चिखल लागला होता. "बाजूनेच जाते मीसुद्धा," त्या पुटपुटल्या.

कुलूप त्या दिवशी निघाले नाही. फुले येऊन जाईपर्यंत सायकल आत नाही, असे बाईंनी सांगितले. पण फावडी घेऊन चालत यायला त्यांनी हरकत घेतली नाही. ग्वेंडाने सगळ्या सायकलवाल्यांना आणले. त्यांनी माझ्यावरचा चिखल उपसला, गारगोट्या मोकळ्या केल्या आणि बाजूला एक चर काढून साचलेले पाणी जंगलाच्या कडेपर्यंत नेले. तिथे खडू लागतो. खडूने ते पिऊन टाकले. पडलेल्या फांद्या ओढून त्यांनी दोन्ही काठांवर रचल्या, म्हणजे कुणाचे चाक तिकडे वळणार नाही.

आता मुसळधार पावसानंतर मधे थोडे पाणी असते. पुढचा सायकलवाला मागच्यांना ओरडून सांगतो, "मधून!" एकदा एक नवखा पाहुणा काठावर थबकला.

"अहो, नवी कोरी सायकल आहे माझी!"

"मग तिची आंघोळ होऊ द्या की," बार्नबी म्हणाला. "मधून!"

पाहुणा मधून गेला. पलीकडे पोचला तेव्हा कमरेपर्यंत चिखलाने माखलेला होता आणि हसत होता.

फुले एकदम परतली नाहीत. पहिल्या वसंतात काहीच आले नाही. दुसऱ्यात फांद्यांच्या आड हिरवी पाने दिसली. परवा अॅकहर्स्टबाई माझ्या काठाशी बराच वेळ वाकून उभ्या होत्या. तिथे निळी फुले आली होती. मोजकीच होती, पण काठाला अगदी चिकटून होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाटा तुमच्याकडेही असतील. त्यांच्यावरून जरूर जा, कारण पावलांशिवाय वाट जगत नाही. फक्त समोर पाणी दिसले, तर बाजूची हिरवळ तुडवण्याआधी एकदा मधला तळ काठीने चाचपून बघा. तो घट्ट असेल तर बूट भिजू द्या. बूट संध्याकाळी वाळतात.

फेब्रुवारीतला तो दिवस अजून पाळला जातो. अॅकहर्स्टबाई सकाळी स्वतः येऊन फाटकाला कुलूप घालतात आणि दोनदा ओढून बघतात. बाहेर ग्वेंडा, बार्नबी आणि बाकीचे सगळे फावडी घेऊन उभे असतात. मग बाई कुंपणाच्या फटीतून एकेकाला आत घेतात आणि म्हणतात, "वाट आज बंद आहे. तुम्ही माझे पाहुणे आहात."

चर साफ होतो, फांद्या सारख्या केल्या जातात, चहा होतो. ज्या दिवशी माझ्यावरून कुणालाही जायची परवानगी नसते, त्या एका दिवशी माझ्याकडे सगळ्यांत जास्त माणसे येतात.