अर्धी खूण

विश्वनाथ पळून गेला, हे गावात पहिल्यांदा सांगितलं ते मी. फोनवर, मोठ्या आवाजात, तिकडे फोनभोवती चार माणसं ऐकत असताना.

विश्वनाथ माझा मामेभाऊ. सौदीतल्या अल खर्जच्या ज्या शेतावर तो सुतार होता, तिथेच तो बेपत्ता झाल्यावर दोन वर्षांनी मी लागलो. ऑफिसात चौकशी केली तर कारकुनाने नोंद काढून दाखवली : हुरूब. म्हणजे कामगार मालकाला न सांगता पसार. माझं डोकं सणकलं. ज्याच्या हाताखाली मी लाकूड तासायचा वाकस धरायला शिकलो, तो असा निघावा? त्याच दुपारी मी त्याच्या बायकोला, ममतावहिनींना, सांगून टाकलं, "वाट बघू नका आता. त्याने दुसरीकडे संसार थाटला असेल."  मंगळसूत्र वहिनींनी काढलं नाही, आणि ते घातलं म्हणून बायका मागून हसत राहिल्या. ते हसू मी दिलेलं होतं.

मग निताकातचं, म्हणजे परदेशी कामगार कमी करण्याच्या कायद्याचं, वर्ष आलं. जिकडेतिकडे धरपकड. ज्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, एक धंदा आणि हातात दुसरा, त्याची रवानगी ठरलेली. माझ्या इकाम्यावर 'शेतमजूर' होतं. मुदतीच्या आत ते 'सुतार' करून घ्यायचं, तर कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा त्या मालकाची, सही हवी. आमचा कफील अबू मिशाल, सत्तरीचा, कमी बोलणारा म्हातारा. आमचं संभाषण मोडक्या अरबीत आणि तितक्याच मोडक्या हिंदीत चालायचं. एके दिवशी तो माझ्या शेडमध्ये दोन रायफली घेऊन आला.

"कमाल," तो म्हणाला. कमलाकर त्याला कधी जमलंच नाही. "थंडीत शिकारीला जायचंय. दोन्हींतली चांगली निवड. हातात नीट बसली पाहिजे, दगा देता कामा नये. काम झालं की तुझा कागद सही करतो."

एक रायफल नवी कोरी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची. खांद्याला लावली तर तोंड जमिनीकडे झुकायचं. दुसरी जुनी, अक्रोडाच्या दस्त्याची. ती हातात घेतली आणि तिथेच मन बसलं. लाकूड असं घासलेलं, की तळव्याला जागा शोधावी लागत नव्हती. मी जुनी निवडली. म्हाताऱ्याने तिच्या दस्त्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तीच घेशील असं वाटलं होतं."

दोष दोन होते. लाकूड फुगून नळीला चिकटलं होतं. एक रियालची नोट मी नळी आणि लाकडाच्या फटीतून सरकवून बघितली, ती निम्म्यात अडकली. उन्हात नळी तापली की असं लाकूड तिला ढकलतं आणि नेम सरकतो. दुसरा दोष भयंकर होता. रिकामी बंदूक ताणून दस्ता पोत्यावर जरासा आपटला, तर चापाला बोट न लावता आत 'टक्' झालं. चापाभोवतीचं लाकूडही फुगून यंत्रावर दाबत होतं. आत गोळी असती तर सुटली असती.

चार दिवस मी पटाशीने केसाएवढं लाकूड काढत होतो. नोट नळीखालून अलगद फिरू लागली. चापाभोवती मोकळं केलं, शंभर वेळा दस्ता आपटला, एकदाही 'टक्' झालं नाही.

राहिला तोल. त्यासाठी रायफल वाशाला एका दोरीवर टांगायची. जिथे आडवी स्थिर राहते तो तिचा मध्य. दुपारच्या नमाजानंतर सगळं शेत झोपलेलं. गाईंच्या गोठ्यातले पंखे तेवढे लांबून घुमत होते. मी रायफल टांगली. ती हळूहळू वळली, थांबली. नळी खिडकीतून बाहेर, कुंपणापलीकडच्या एकट्या बोरीच्या झाडाकडे.

दोरीला पीळ असेल म्हणून मी दोरी बदलली. पुन्हा बोर. दार-खिडकी लावून घेतली. बंद खिडकीसमोर येऊन नळी थांबली, बोर जिकडे होती तिकडेच. तांब्याची तार घेतली, शेडच्या दुसऱ्या टोकाला टांगली. रायफल तिरकी झाली आणि बोरीवर येऊन थबकली. मी तिला हाताने उलटी फिरवली तर ती माझ्या बोटांतून परत आली, घाई न करता. पंचेचाळीस डिग्रीत माझ्या अंगावर काटा आला. मी घाबरलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मागचा भाग जड होता, म्हणून शेवटी दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी काढली. आत कुणीतरी नीट भोक पाडून शिसं भरलं होतं. आणि भोकाशेजारी, लाकडात, माशाची शेपटी कोरलेली होती. अर्धी.

आमची दोन्ही घराणी विजयदुर्गच्या खाडीवर होड्या बांधणारी. आमच्यात रीत अशी, की होडीच्या आतल्या लाकडावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुतार माशाची शेपटी कोरतो. पण अर्धीच. होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा सुतार स्वतः तिच्यात बसतो. ती धड घरी आली की उरलेली अर्धी. शेपटीचा खालचा काप जरा लांब ओढायची सवय एकट्या विश्वनाथची होती. त्यावरून लहानपणी मी त्याला चिडवायचो.

अर्धी खूण ठेवून पळून जाणारा माणूस तो नव्हता. आणि तो पळणाऱ्यातला नव्हे, हे मला दोन वर्षं सुचलं नव्हतं.

दुपार कलल्यावर अबू मिशाल आला. हातात माझा कागद होता. "तमाम? झालं सगळं?"

मी विचारलं, "विश्वनाथ कुठे आहे?"

"हुरूब. खलास."

तारेवर रायफल वळली. त्या बाजूला कुणीही बघितलं असतं. म्हातारा तेवढा खाली जमिनीकडे बघत राहिला. मग माझ्या स्टुलावर बसला.

"मी त्याला म्हटलं होतं, दस्ता बनवून झाला, तुझं काम झालं, तू घरी थांब," तो म्हणाला. "तो हसला. म्हणाला, ही पहिल्यांदा जाणार, मग मला यायलाच हवं. परत येताना इथेच, कुंपणापाशी गाडीतून उतरला. दस्ता दगडावर आपटला." त्याने स्वतःच्या छातीला हात लावला. "माझ्या मुलाने गोळी आत ठेवली होती. पोलीस मुलाला घेऊन गेले असते. आम्ही त्याला धुतलं, त्या बोरीखाली मातीत झाकलं. तुमच्यात कसं करतात ते ठाऊक नव्हतं."

"हे लिहून द्या. त्याच्या बायकोला कागद हवा."

"कागद तुझा मिळेल," तो उठत म्हणाला. "नमाजाहून येतो. बंदूक तयार ठेव."

 घरी दोन मुलांची फी होती, छपराचं काम अर्धं होतं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. रायफल उत्तम झाली होती. माझ्या हातून इतकं चोख काम पुन्हा झालं नाही. मग मी तिला तारेवरून उतरवलं, पकडीत आवळलं आणि करवत घेतली. दस्त्याचं वीतभर टोक कापून काढलं.

अबू मिशालने ते दोन तुकडे पाहिले. ओरडला नाही. मला पोलिसांत देणं त्याला परवडणारं नव्हतं. आठवड्यात पासपोर्टवर खुरूजचा, म्हणजे देश सोडण्याचा, शिक्का पडला, कायमचा. निघण्याआधी रियाधला दूतावासात अर्ज दिला, बोरीच्या झाडाचा नकाशाही काढून दिला. उत्तर अजून यायचंय.

वहिनींच्या ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी फोनवर जे बोललो होतो त्याची माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, मला कळलं नाही. मी पिशवीतून दस्त्याचं ते कापलेलं टोक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते जमिनीला टेकलं आणि तसंच राहिलं, कुठेही वळलं नाही. त्यांनी शेपटीच्या लांब कापावरून अंगठा फिरवला. मग आत जाऊन त्याची जुनी पटाशी आणली आणि माझ्या हातात दिली.

"आता तो घराक इलो मां?" त्या म्हणाल्या. "मगे पुरी कर ती."