खाटेजवळ, मोठ्याने

आत्याने चादरीचा कोपरा उचलला, गादीखाली हात घालून चाचपलं आणि मॅनेजरबाईंकडे न बघताच म्हणाली, "नुसती खोचलीय. पेशंट दोनदा कुशीवर वळला की ही गोळा होणार. पाठीखाली वळी, आणि वळीची जखम. कुणाची ड्यूटी होती?"

मॅनेजरबाई हसल्या, पण बाबांकडे बघून. "नेहमी असंच बोलतात का त्या?"

"त्या इथेच उभ्या आहेत," मी म्हणाले.

बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. आमचं चष्म्याचं दुकान आहे आणि काही सुचेनासं झालं की बाबा चष्मा पुसतात. त्या महिन्यात त्यांच्या काचा इतक्या लख्ख होत्या की त्यांना पलीकडच्या गल्लीतलंसुद्धा दिसत असेल. फक्त एवढंच दिसत नव्हतं की आत्याला कुठे ठेवायचं ते आता ठरवायलाच हवं.

वृद्धाश्रमांपैकी आम्ही बघायला गेलेली ती तिसरी जागा. दारातच भलंमोठं मत्स्यालय, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, आणि खऱ्या म्हाताऱ्या टीव्हीसमोर ओळीने बसलेल्या. टीव्हीवर कुणीतरी मोटारसायकलचे भाग जोडून दाखवत होतं. एकीलाही मोटारसायकल घ्यायची असेल असं वाटेना.

"सहा नंबरला पाणी कधी दिलंत?" आत्याने विचारलं. "ओठ बघा त्यांचे."

"आजी, तुम्ही बसा हं खुर्चीवर," मॅनेजरबाई म्हणाल्या, लहान बाळाशी बोलतात त्या आवाजात.

आत्या बसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "पाणी आण." मी आणलं. सहा नंबरच्या आजी अख्खा पेला प्यायल्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मोठी म्हणजे वीस वर्षांनी. बाबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि आत्याने नर्सची नोकरी करत त्यांना वाढवलं. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "वेळच मिळाला नाही. सतत कुणी ना कुणी आजारी." छत्तीस वर्षं एकच हॉस्पिटल, त्यातली शेवटची अकरा हेड सिस्टर म्हणून. तिच्या चपलांचा आवाज आला की डॉक्टरसुद्धा कोट नीट करायचे म्हणे.

दोन वर्षांपूर्वी ती मला 'पोरी' म्हणायला लागली. आम्हाला वाटलं, लाडाने म्हणते. तिला माझं नाव आठवत नव्हतं हे खूप उशिरा कळलं. आता मी तिची शिकाऊ नर्स आहे, आई स्वयंपाकघरातली सिस्टर, आणि बाबा डॉक्टर. चष्म्यामुळे असेल. स्वतःच्या भावाला ती "अहो डॉक्टर" म्हणते, आणि बाबा "हं" म्हणून दुकानाला निघून जातात.

मागच्या महिन्यात ती सकाळी सहाला जुना पांढरा युनिफॉर्म घालून ड्यूटीवर गेली. पायी, हायवे ओलांडून. हॉस्पिटलच्या जुन्या वॉचमनने ओळखलं म्हणून बरं. "हेड सिस्टर, आज तुमची सुट्टी आहे," असं म्हणून त्याने तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आम्हाला फोन केला. तिच्या टाचांना फोड आले होते. त्यानंतर आईने तीन आठवडे रजा काढली आणि दाराला आतून वरची कडी बसवली. आत्या दिवसभर त्या कडीखाली उभी राहून म्हणायची, "ड्यूटीला उशीर होतोय, बाई. पेशंट वाट बघत असतील." आई रडायची. रजाही संपत आली होती.

तरी बाबांचं ठरेना. पहिली जागा जिन्याचा कठडा बुटका म्हणून नापास. दुसरी भिंतींचा हिरवा रंग डोळ्यांना टोचतो म्हणून.

"अहो, तुम्ही जागा बघायला जाताय की नापास करायला?" आई म्हणाली होती.

आणि जागा मिळालीच तर आत्याला काय सांगायचं, हे मात्र बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. गाडीत बसण्यापूर्वी मला बाजूला घेऊन म्हणाले, "चार दिवसांची बदली ड्यूटी आहे, असं सांगायचं. खुशीत जाईल ती."

"आणि पाचव्या दिवशी?"

बाबांनी चष्मा पुसला.

मला ते अजिबात पटलं नव्हतं, आणि त्याला कारणही आत्याच होती. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. बाई म्हणायच्या, "आज आलीयेस की नाही?" मग एकदा शाळेत सगळ्यांसमोर बातम्या वाचायची पाळी माझ्यावर आली आणि मी घरी येऊन उशीत डोकं खुपसलं. तेव्हा आत्याने मला ओव्हर द्यायला शिकवलं. मी आधी विचारलं, क्रिकेटमधला का? तर नाही. पाळी बदलताना जुनी नर्स नव्या नर्सला एकेका पेशंटची हकिगत सांगते, तो ओव्हर.

"टेबलाशी बसून नाही द्यायचा," आत्या म्हणाली होती. "खाटेजवळ उभं राहून. मोठ्याने. कुजबुजलीस की पेशंटला वाटतं, आपलं काही खरं नाही. त्याच्याबद्दल जे बोलायचं ते त्याला ऐकू गेलं पाहिजे."

मग आम्ही घरभर ओव्हर देत फिरलो. गळक्या नळाचा दिला. एक पाय मोडलेल्या स्टुलाचा दिला. कोचावर झोपलेल्या बाबांचा दिला: पेशंट पुरुष, वय एक्कावन्न, तक्रार घोरणे, उपचाराला दाद नाही. आत्या डोळे पुसेपर्यंत हसली. पुढच्या सोमवारी माझ्या बातम्या शेवटच्या रांगेला ऐकू गेल्या आणि तेव्हापासून माझा आवाज कमी कर म्हणून सगळे सांगतात. तो आता कमी होत नाही.

मत्स्यालयवाल्या जागेतून निघताना बाबा म्हणाले, "जागा चांगलीय तशी." चांगलीय म्हणजे नापास करायला त्यांना काही सापडत नव्हतं. मला बरंच सापडलं होतं, पण आत्या समोर होती म्हणून मी जेमतेम तोंड बंद ठेवलं. कॉरिडॉरमधून बाबा पाय घासत चालले होते, खर्र खर्र. त्यांची ही जुनी सवय आहे. लहानपणी आत्या त्यांना हॉस्पिटलात सोबत न्यायची तेव्हा यावरून रोज ओरडा खायचे.

चौथी जागा त्याच दुपारची होती. जुनी दुमजली इमारत, पाटीवरचं एक अक्षर गळून पडलेलं, आत फिनेल आणि सूपचा वास. स्वागताला कुणीच नाही. वर वॉर्डात रबरी चपला घातलेल्या एक सिस्टर स्टुलावर बसून एका आजोबांना सूप भरवत होत्या. उठल्या नाहीत.

"दोन मिनिटं हं. यांचं होऊ दे," म्हणाल्या.

बाबांनी वर छताकडे बघितलं. तिथे ओलीचा एक डाग होता, आणि बाबांच्या चेहऱ्यावर 'नापास' उमटायला लागलं.

आत्या मात्र हललीसुद्धा नाही. ती चमच्याकडे बघत होती. मग माझा दंड धरून हळूच म्हणाली, "बघ. अर्धाच भरते चमचा. गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून ठरवते, मगच पुढचा. हे शिकवून येत नाही."

सिस्टरांनी आजोबांचं तोंड पुसलं, तेव्हा आत्या पुढे झाली.

"दोन नंबरला कुशीवर कधी वळवलं?"

सिस्टरांनी एकदा आत्याकडे पाहिलं. तिच्या ताठ पाठीकडे, मागे बांधलेल्या हातांकडे. आमच्याकडे बघितलंच नाही. "दहाला वळवलं, सिस्टर. मग बाराला. आता दोनला परत."

"चार नंबर रिकामी का?"

"आजोबा गेले. मंगळवारी."

"जवळ कुणी होतं?"

"मी होते."

आत्याने मान हलवली. मग चार नंबरची चादर उचलून बघितली. कोपरा पाकिटासारखा घडी घालून गादीखाली गेला होता. तिने तो पुन्हा खाली सोडला आणि तळहाताने सपाट केला. अख्ख्या महिन्यात तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"खाट आज संध्याकाळपर्यंत ठेवते मी," सिस्टर बाबांना म्हणाल्या. "उद्या सकाळी दुसरे लोक बघायला येतायत. पेशंट कधी आणणार?"

आत्या वळली. "पेशंट कोण आहे?"

बाबांचा हात चष्म्याकडे गेला. "ताई, ते जरा... म्हणजे चार दिवसांसाठी इथे बदली..." पुढचे शब्द त्यांच्या शर्टाच्या गुंड्यांनीच ऐकले असतील.

"मोठ्याने," आत्या म्हणाली. "खाटेजवळ उभे आहात, डॉक्टर."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला त्यांचा राग आला नाही. तीन वर्षांच्या मुलासारखे दिसत होते ते.

मग मी चार नंबरच्या उशाशी जाऊन उभी राहिले. हात मागे बांधले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असाच लावला.

"पेशंट स्त्री. वय बहात्तर. निवृत्त हेड सिस्टर. तब्येत ठणठणीत. तक्रार, विसरते. वेळ विसरते, घर विसरते, माणसांची नावं विसरते. सकाळी सहाला ड्यूटीवर निघते आणि रस्ता ओलांडताना बघत नाही. घरातले तिला सांभाळायला कमी पडतायत. ती त्यांना नकोय असं नाही." मग मी तिच्याकडे वळले. "पेशंट तू आहेस, आत्या."

सिस्टर स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. ओव्हर बसून घ्यायचा नसतो, हे त्यांनाही माहीत होतं. बाबा खाटेच्या गजाला धरून होते. आत्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिली, इतका वेळ की बाजूच्या आजोबांनी सूप संपलं का म्हणून दोनदा विचारलं.

"अर्धवट आहे," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"ओव्हर अर्धवट आहे. आवाज चांगला लागला, पण कामाचं काही सांगितलंच नाहीस." मग ती सिस्टरांकडे वळली आणि तिचा आवाज करारी झाला, तो माझ्या लहानपणीचा. "दुपारी चारनंतर घाबरते. काय होतंय म्हणून विचारत बसू नका, तिला सांगता येत नाही. हाताला काम द्या. पट्ट्या गुंडाळायला द्या, चादरी द्या. गोळी कशाची आहे ते सांगून द्या, नाहीतर थुंकते."

बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वर्षभर ती गोळ्या थुंकत होती आणि आम्ही त्या केळ्यात लपवत होतो.

"दाराला कडी लावली तरी चालेल," आत्या म्हणाली, "पण तिच्या डोळ्यांदेखत नको."

सिस्टरांनी खिशातली वही काढून सगळं लिहून घेतलं. "नातेवाईक कोण, सिस्टर?"

"एक भाऊ आहे. लहान आहे. भेटायला आला की रडेल, त्याला बाहेर बसवू नका. वेळ संपली तरी थांबू द्या थोडा."

"बरं. घेतला ओव्हर."

तिला कळलं होतं का, ती कुणाबद्दल बोलत होती ते? बाबा म्हणतात, नाही. आई म्हणते, अर्धं. मी म्हणते, कळलं होतं. संध्याकाळपर्यंत ती ते विसरली, हे खरं आहे. पण त्या वेळी तिला ऐकू गेलं होतं, आणि तेवढं मला पुरतं. बाबांनी त्या दिवशी ओलीच्या डागाकडे पुन्हा पाहिलं नाही. खाली जाऊन फॉर्म भरला.

सोमवारी मी शाळा बुडवली. आत्याचं सामान एका सुटकेसमध्ये मावलं. चार नंबरची नीट घातलेली चादर तिने काढून टाकली आणि मला हाताशी घेऊन पुन्हा घातली. पहिला कोपरा माझा जमला नाही, दुसरा जमला. मग सिस्टरांनी तिच्यासमोर धुतलेल्या पट्ट्यांची टोपली ठेवली. "सिस्टर, एवढ्या गुंडाळून हव्यात."

आत्या कामाला लागली. आम्ही घुटमळलो.

"तुमची ड्यूटी संपली ना?" ती मान वर न करता म्हणाली. "मग निघा. आणि दारातून मागे बघायचं नाही. पेशंटला वाटतं, काहीतरी सांगायचं राहिलंय."

आम्ही निघालो. आईने माझा हात धरला होता. बाबा पुढे चालत होते, खांदे पाडून, कॉरिडॉरभर खर्र खर्र करत. मी मागे बघायचं नाही असं घोकत होते.

"बारक्या," मागून आवाज आला, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. "पाय उचल. पेशंट झोपलेत."

ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. बाबा थांबले. चष्मा काढला नाही, पुसलाही नाही. मागे न बघताच ते म्हणाले, "हो, ताई," आणि पाय उचलून चालायला लागले, एकेक पाऊल नीट उचलून, आवाज न करता, जिन्यावरून खाली, अंगणातून थेट फाटकापर्यंत.