अडीच वर्षं न घासलेली डोणी

मी डोणी बोलतेय, गुरांनी पाणी प्यायची काळ्या दगडाची डोणी. केळापूरच्या अलीकडे एक लहान गाव आहे, तिथल्या विहिरीपाशी, चिंचेजवळ मी पडून आहे. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की बहुतेक जण बढाई मारतात. माझ्याजवळ बढाईसारखं काही नाही. मला माझी लाज सांगायची आहे. ऐकवत असेल तर बसा.

पाथरवटाने मला एका अखंड दगडातून कोरलं. पाच बैल एका वेळी पितील एवढी मी लांब. बुडाशी पाणी सोडून द्यायला भोक, त्याला लाकडाचं बूच. गाडीवरून उतरवताना माझा एक काठ फुटला, तो तसाच आहे.

पाणी भरायचे ते गावातले सालदार, सालाने ठेवलेले गडी. घासायचं काम मात्र उकंडाच्या घराचं. मेलेलं ढोर ओढायचं आणि डोणी घासायची, हे त्याच्या आज्यापासून त्या घराला लावून दिलेलं. दर आठ दिवसांनी उकंडा बूच काढायचा, जुनं पाणी सोडून द्यायचा. त्याची बायको कौसल्या आत उतरायची आणि विटेच्या तुकड्याने माझं शेवाळ खरवडायची. मी लख्ख व्हायचे. मग बैल यायचे, म्हशी यायच्या, आणि कौसल्या स्वतःच्या प्यायच्या पाण्याला घागर घेऊन नाल्यावर जायची. तिचा पदर लागला तर विहीर बाटायची. माझ्यात बैलाची लाळ गळायची, मी कधी बाटले नाही. हे मी रोज पाहत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

दिवेलागणीला गुरं घरी गेली की रानातून एक कोल्ही यायची. तिच्या डाव्या कानाला खाच होती. आधी चिंचेच्या बुडाशी बसून गावाकडे पाहायची, मग पुढचे दोन पाय माझ्या फुटक्या काठावर टेकून प्यायची. तिची पिल्लंही तिथूनच प्यायला शिकली. लोक कोल्ह्याला लबाड म्हणतात. पाण्यापाशी तिने कधी लबाडी केलेली मी पाहिली नाही. माणसांची पुष्कळ पाहिली.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला उकंडा आणि कौसल्या नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. दुसऱ्याच आठवड्यात नागोराव पाटलाची म्हैस मेली. निरोप आला. उकंडाने उलट निरोप दिला, की आता आम्ही मेलेलं ओढत नाही, आणि डोणीही घासणार नाही. पाटील स्वतः आला, आईबापावरून पुष्कळ बोलला. कौसल्या दारातून हलली नाही. तिने एवढंच विचारलं, "पाटील, ढोरं तुमचे, हात तुमाले बी हायेत. मंग आमीच काहून?"

म्हैस शेवटी सालदारांनी बांबूला बांधून नेली, कारण वास सुटला होता. माझा वास सुटायला वेळ लागतो, म्हणून मला कोणी हात लावला नाही. सालदार म्हणाले, ते आमचं काम नाही. पाटलाच्या घरचे म्हणाले, मग आमचं आहे का? शेवाळातलं पाणी ढोरांना पाजू, पण घासणार नाही, यावर सगळं गाव अडून बसलं. कोणी एकाने जरी घासलं असतं तरी कौसल्येचं म्हणणं खरं झालं असतं.

वरून नवं पाणी पडायचं, खालचं जुनं तसंच राहायचं. बूच गाळात बुजलं. पाण्यावर हिरवी साय धरली आणि डासांनी तिथे अंडी घातली. बारीक बारीक अळ्या माझ्या पोटात वळवळायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दगडाला कुठे लेकरं होतात? कोणीतरी माझ्या पोटी वाढतंय म्हणून मी फुशारले होते.

अठ्ठावन्न साली मलेरियाचे लोक आले. घराघरातल्या भिंतींना औषध मारलं, दारावर तारीख लिहिली आणि निघून गेले. माझ्याकडे कोणी वाकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी कोल्ही पाण्यावर वाकली की माझी लेकरं भणभणत उठायची आणि तिच्या कानांवर, नाकावर, पोटाच्या उघड्या कातडीवर बसायची. ती डोकं झटकायची. पण तहान लागलेलं जनावर पाणी सोडून जातं थोडंच?

एकोणसाठच्या उन्हाळ्यात नाले आटले आणि दोन कोसांतले सगळे कोल्हे माझ्याकडे यायला लागले. त्यातले काही खोकत होते. कोल्हा खोकतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखे ते चार पावलं टाकून खाली बसायचे. पोटं फुगलेली, पायांच्या काड्या. वैशाखात एक मेला, चिंचेपलीकडेच. आठवड्याने दुसरा. मग पाटलाचा कुत्रा गेला. आणि एका रविवारी सकाळी खाचेच्या कानाची कोल्ही माझ्या काठाशी पडलेली होती, तोंड पाण्याकडे.

त्याआधीच, कुत्रा मेला त्या दिवशी, पाटलाने पारावर सांगून टाकलं होतं, की उकंड्यानं डोणीत जहर कालवलं. काम सोडल्यापासून तो डूख धरून आहे. आज कोल्हे मेले, उद्या बैल मरतील. गावाला हे पटलं, आणि किती चटकन पटलं ते पाहून माझाच जीव गार झाला. उकंडाची मजुरी बंद झाली. दुकानदाराने कौसल्येला मीठ दिलं नाही. सोमवारी पांढरकवड्याच्या ठाण्यात वर्दी द्यायचं ठरलं. मग उकंडा जेलात जाणार होता, आणि एकट्या कौसल्येला गावाने घरात राहू दिलं नसतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

अडीच वर्षांत उकंडा माझ्या जवळसुद्धा आला नव्हता, हे मला माहीत होतं. पण दगडाची साक्ष कोण घेतं?

ठाण्यात कागद लागतो, म्हणून पाटलानेच ढोरांच्या दवाखान्यातल्या हबीबभाईंना बोलावणं पाठवलं. ते त्या रविवारीच सायकलवर आले. पाटील म्हणाला, जास्त त्रास घेऊ नका, जहर म्हणून लिहून द्या फक्त. हबीबभाई म्हणाले, पाहिल्याशिवाय तर मी माझ्या बापाचंही लिहून देणार नाही. कोल्ही सावलीत आणा, फाडून पाहावी लागेल.

सगळ्यांच्या माना उकंडाकडे वळल्या. मुद्दाम नाही, सवयीने. मेलेलं ओढायचं म्हटलं की माना तिकडेच वळायच्या.

ओढली तर फाडून पाहणं झालं असतं आणि उकंडावरचा आळ तिथल्या तिथे सुटला असता. पण नागपूरहून आल्यावर गावाला दिलेला शब्द मोडला असता, आणि उद्यापासून गावातलं प्रत्येक मेलेलं ढोर पुन्हा त्याच्याच वाट्याला आलं असतं. नाही ओढली तर गाव म्हणणार, पाहा, चोर कसा मागे सरतो. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. कौसल्येने त्याचं मनगट धरलं.

"तुमी उभे राहा," ती गावाकडे बोट दाखवत म्हणाली. "जहर यायले दिसून राह्यलं ना, मंग ओढाचं बी यायनंच."

कोणी हललं नाही. हबीबभाईंनी पायजमा वर खोचला, कोल्हीचे मागचे पाय धरले आणि स्वतःच ओढत तिला सावलीत आणलं. पेटीतून सुरी काढली आणि म्हणाले, "पाटील, टांग धरा. एकट्यानं होत नाई हे."

पाटलाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हबीबभाई सुरी धरून थांबून राहिले. शेवटी पाटलाने धोतराचा सोगा बोटांना गुंडाळला आणि तोंड फिरवून कोल्हीचा पाय धरला. मागे एक बाई पदरात हसली.

हबीबभाईंनी छाती उघडली, काळीज तळहातावर घेतलं आणि चिरलं. आतून शेवया निघाल्या. दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला, मला सापडला नाही. पांढऱ्या, वीतवीत लांब, एकमेकींत गुंतलेल्या, मूठभर. रक्ताला जायला वाटच राहिली नव्हती. पाटलाच्या हातून पाय सुटला.

"जहर कुठं हाये यात?" हबीबभाई म्हणाले. "हे किडे होत, दिलात वाढणारे. डास आजारी जनावराले चावते, त्याच्या रगतातले बारीक जंतू घेते आन् दुसऱ्याले चावून आत सोडते. मंग महिनोन् महिने ते आत वाढतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा, सगळ्यायले होते."

डास एवढे आले कुठून, असं कोणीतरी पुटपुटलं. हबीबभाई माझ्याकडे वळले. त्यांनी ओंजळ माझ्यात बुडवली आणि सगळ्यांपुढे धरली. त्या हिरव्या पाण्यात माझी लेकरं नाचत होती. धरणीने मला गिळावं असं झालं, पण मी तर अर्धी धरणीतच रुतलेली. आणखी कुठे जाणार होते?

"हे कधी घासली होती?" त्यांनी विचारलं.

कौसल्या म्हणाली, "अडीच वर्सं झाले. आखरीची म्याच घासली."

पाटील तेव्हा मातीने हात चोळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मंग सांगा उकंड्याले, घासून टाक म्हणा."

"नाई, पाटील," उकंडा म्हणाला. सबंध दिवसात तो एवढंच बोलला. मग दोघं घरी गेली.

हबीबभाईंनी कागदावर जहर नाही असं लिहिलं, सोमवारची वर्दी टळली. डोणी रिकामी करून घासा, असं ते जाताना बजावून गेले. त्याच संध्याकाळी सालदारांनी पहार आणून माझं बूड फोडलं. घासण्यापेक्षा ते सोपं पडलं. फोडायला कोणाची जात आडवी आली नाही.

आता त्रेसष्ट साल चालू आहे. मी कोरडी आहे, दुपारी बकऱ्या येऊन बसतात. गुरांसाठी पलीकडे सिमेंटची टाकी बांधली. तिच्यावरही साय धरली आहे, आणि ती कोणी घासायची याची बैठक अजून व्हायची आहे. कोल्हे कमी येतात. जे येतात त्यांच्या अंगात काय आहे कोण जाणे. माझं बूड फुटलं म्हणून त्यांच्या काळजातलं निघून गेलं नसणार.

उकंडावरचा आळ गेला, पण तो गेला असं कोणी तोंडाने म्हटलं नाही. पाटील भेटला की पाऊसपाण्याचं विचारतो. कौसल्या पहिली दोन वर्षं तो समोरून आला की थांबायची, आज तरी काही म्हणेल म्हणून. तो चपला वाजवत निघून जायचा. आता ती थांबत नाही.

ऐकणाऱ्यांनो, जनावरांसाठी पाणी भराल तर आठ दिवसांनी ते सोडून द्या, आणि भरणाऱ्यानेच घासा. दुसऱ्याच्या हाताची वाट पाहत बसाल तर त्या पाण्यात काय वाढेल ते मी सांगितलं.

आणि कौसल्याबाई, उकंडाजी, चुकलं. ते मुके जीव माझ्या पोटातल्या घाणीने मेले आणि नाव तुमचं घेतलं गेलं. वाटलं तर माफ करू नका. पण तुमच्यासमोर हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. पार म्हणाला नाही, पाटील म्हणाला नाही, म्हणून मी म्हणते.