छत्तीसचा आकडा

“ताई, या संगणकाच्या डब्याला हात लावायला तुम्हाला सांगितलं कोणी?”

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर एक वेळ बरं वाटलं असतं. छापखान्यातल्या मधल्या टेबलावर औषधाच्या माहितीपत्रकांचे गठ्ठे रचलेले होते. सगळ्यात वरचं पत्रक त्यांनी बोटाने तिच्याकडे सरकवलं. मात्रेच्या तक्त्यातल्या खालच्या चार ओळी गायब होत्या, त्याही नेमक्या लहान मुलांच्या. तीस हजार प्रती छापून झाल्यावर कोणाच्या तरी नजरेला पडलं. एकही प्रत बाहेर गेली नव्हती, एवढंच नशीब.

ताईने पत्रक पाहिलं आणि मग मालकांच्या शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाकडे पाहिलं. बाळ्या इथला व्यवस्थापक, ती मागच्या खोलीत पानं लावणारी. त्याच्यामुळेच सगळा छापखाना तिला ताई म्हणायचा. आता हा तोंड उघडेल, म्हणून ती थांबली.

“मला तर आजच कळलं,” बाळ्या म्हणाला. “ताईने परस्पर केलंय हे.”

दोन महिन्यांपूर्वी हाच बाळ्या तिच्या घरी येऊन तासभर बसला होता. पानांवरून छपाईच्या पत्र्याचा आराखडा तयार करणारा संगणक अकरा वर्षं जुना. पत्रे काढणाऱ्या जुन्या यंत्राचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालत नव्हता आणि हा गोगलगायीच्या गतीने चालायचा.

“काहीतरी कर ना गं, ताई. मशीनवरची माणसं हाताची घडी घालून बसतात आणि मालक माझ्या नावाने बोटं मोडतात.”

“मालकांना विचारलंस?”

“विचारलं असं समज. मी आहे ना!”

‘मी आहे ना’ हे शब्द मुळात तिचे. आई गेली तेव्हा बाळ्या नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीस. शाळेचा फॉर्म असो, ताप असो, नाही तर मुलगी बघायला जायचं असो, ती तेवढंच म्हणायची. आता ते त्याच्या तोंडून ऐकलं आणि तिने पुढे काही विचारलं नाही.

तिने तीन रविवार घालवले. आधी धूळ काढली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली आणि वर मोठा पंखा बसवला. मग सेटिंगच्या पडद्यावर जाऊन वेगाचा आकडा तीसवरून एकतीस केला. दोन-तीन तास चाचणी चालवायची, तापमानावर डोळा ठेवायचा, सगळं ठीक असेल तरच पुढचा आकडा. बाळ्या शेजारी स्टूल टाकून बघत होता. त्या पडद्यावर कसं जायचं, कुठला आकडा कशाचा, सगळं तिने त्याला समजावून सांगितलं. लहानपणी पाढे शिकवले होते, तसंच.

एकोणचाळीसवर चाचणीत पहिली चूक दिसली. ताई तिथून थेट छत्तीसवर आली.

“एवढ्याशा चुकीला काय घाबरायचं? चालतोय ना तो!” बाळ्या म्हणाला.

“बंद पडला तर कळतं तरी. चालू राहून चुकला, तर कोणाला पत्ताही लागत नाही.”

तिने झाकणाच्या आत कागद चिकटवला : छत्तीस. यापुढे नाही.

कामाला वेग आला. मालकांनी सगळ्यांसमोर बाळ्याची पाठ थोपटली. त्याने तिचं नाव घेतलं नाही, आणि मागच्या खोलीत बसलेल्या ताईलाही ते खटकलं नाही. उलट ती दिवसभर गुणगुणत होती.

“मला एकदा तो संगणक बघू द्या,” ती आता मालकांना म्हणाली.

दोघं तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिने संगणक बंद करून चालू केला आणि सेटिंगचा पडदा उघडला. आकडा होता बेचाळीस. व्होल्टेजही चढवलेलं होतं. या पडद्यावर येण्याची वाट छापखान्यात दोघांनाच ठाऊक होती.

“मी छत्तीसवर ठेवलं होतं. बेचाळीस मी केलेलं नाही.” ती वळली. “बाळ्या, तू सांग.”

“मला यातलं काय कळतंय?” तो पडद्याकडेच बघत म्हणाला.



“छत्तीस काय नि बेचाळीस काय,” मालक म्हणाले. “हात लावलात की नाही?”

“लावला. तुम्हाला स्वतः येऊन विचारलं नाही, ही माझी चूक. ती मी घेते. बेचाळीस मात्र माझं नाही.”

तिने आकडा परत तीसवर आणला, व्होल्टेज उतरवलं. ते पान पुन्हा काढलं, पट्टी ठेवून एकेक ओळ तपासली. चारही ओळी आल्या होत्या. मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हटलं, तेव्हा तिने चष्मा डबीत ठेवला आणि आपले स्क्रू-ड्रायव्हर गोळा केले.

बाळ्या फाटकापर्यंत मागे आला.

“ताई, ऐक ना. माझी नोकरी गेली असती गं. घरात दोन पोरं आहेत. तुला कुठेही काम मिळेल. मला वाटलं, तू समजून घेशील.”

“समजलं,” ताई म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ती कपडे वाळत घालत असताना फोन वाजला.

“ताई, मशीन चालूच होत नाहीये. पंखा फिरतोय, पण पडदा काळा. काम फार हळू चाललं होतं, म्हणून मी फक्त छत्तीस टाकलं. तुझंच छत्तीस, शपथ!”

“बेचाळीसने त्याची ताकद खाल्ली. आता छत्तीसही पेलणार नाही त्याला.”

“मग काय करू मी? मालक येतीलच एवढ्यात.”

ताईच्या हातात ओली चादर होती. तिने ती बादलीत ठेवली आणि ओला हात पुसून फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आधी विजेची वायर काढा. मग झाकण उघडा. आत नाण्यासारखी गोल बॅटरी दिसेल, ती काढून दहा मिनिटं बाजूला ठेवा, म्हणजे आकडा आपोआप मूळच्या तीसवर जाईल.”



“ताई... अशी काय बोलतेस गं माझ्याशी?”

“सापडली का बॅटरी तुम्हाला?” ताईने विचारलं.